मोडेम आत की बाहेर? एका डीटीपी केंद्राच्या डायलअपचा तपास

साल २००१. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक डीटीपी केंद्र होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, हँडबिलं ही वर्षभराची कामं. दिवाळीच्या आधीचे दोन महिने मात्र पुण्यातल्या एका छापखान्यासाठी दिवाळी अंकाची पानं आणि जाहिराती तयार करून द्यायच्या. आधी हा माल एसटीच्या पार्सलने जायचा. त्या वर्षी छापखान्याने सांगितलं की जाहिरातींचे बदल शेवटच्या दिवसापर्यंत येतात, तेव्हा फाइल ई-मेलनेच पाठवा. आणि तिथून रखडपट्टी सुरू झाली.

केंद्राच्या मालकांना सगळी गल्ली काका म्हणायची. त्यांच्या मशीन्सची देखभाल माझ्याकडे होती. काकांचं मागणं अगदी स्पष्ट होतं. "अरे, हा आतला मोडेम काढ आणि मला क्लासवाल्या सरांसारखा बाहेरचा आणून दे. त्यांचा एक लाख पंधरा हजाराला जोडतो. आमचा सव्वीस हजाराच्या वर जात नाही, आणि अर्धी फाइल गेली की लाइन कट." मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारं यंत्र, आणि हे आकडे त्याच्या जोडणीच्या वेगाचे, सेकंदाला इतके बिट असे.

त्या काळात हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारायचं: इंटर्नल (कॉम्प्युटरच्या आत बसणारं कार्ड) घ्यावा की एक्स्टर्नल (बाहेरची वेगळी डबी), वेगवान कुठला? दुकानदार एका वाक्यात "एक्स्टर्नल" म्हणून मोकळा व्हायचा, कारण तो इंटर्नलच्या जवळजवळ तिप्पट किमतीला जायचा. काकांचं प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण इथे दोन्ही मोडेम, दोन वेगळ्या टेलिफोन लाइनी आणि एकच एक्स्चेंज अशी सगळी सामग्री एकाच गल्लीत मिळाली आणि अंदाजावर काही सोडावं लागलं नाही.

एक लाख पंधरा हजाराचा आकडा

पहिल्यांदा सरांचा मोडेम पाहिला. काळी डबी, पुढे लाल दिव्यांची रांग, मागे सीरियल केबल आणि अडॅप्टर. इंटरनेट जोडल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या दोन छोट्या मॉनिटरच्या चित्रावर माउस नेला की खरंच "१,१५,२००" असं यायचं. काकांनी हेच पाहिलं होतं.

५६ के, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६,००० बिटचा मोडेम टेलिफोनवरून एक लाख पंधरा हजाराने जोडला जाणं शक्यच नाही. हा आकडा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या सीरियल पोर्टचा वेग आहे. मोडेमपासून पुढे टेलिफोनच्या तारेवर काय वेग मिळाला ते त्यातून कळत नाही. घरातल्या टाकीपासून नळापर्यंतचा पाइप कितीही जाड बसवला तरी नगरपालिकेच्या लाइनीतून जेवढं पाणी येतं तेवढंच टाकीत पडतं, तसं हे आहे. सरांनी मोडेम बसवताना त्याच्यासोबतची सीडी घातलीच नव्हती. विंडोजने त्याला 'स्टँडर्ड मोडेम' म्हणून ओळखलं आणि जोडणीच्या वेळी मोडेमने खरा वेग कळवावा ही आज्ञा त्यात गेलीच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये मोडेमच्या 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'च्या चौकटीत 'डब्ल्यू२' टाकलं की बऱ्याच मोडेमवर खरा आकडा दिसायला लागायचा. इथे सीडीवरचा योग्य ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो मोडेम ओळखून चालवायला लावणारा प्रोग्राम, घातल्यावर काम झालं आणि आकडा आला ४५,३३३.

सर नाराज झाले, त्यांना वाटलं मी मोडेमचा वेग कमी केला. मग एकच झिप फाइल जुन्या आणि नव्या ड्रायव्हरवर उतरवून घड्याळ लावलं. वेळ तेवढाच लागला, तेव्हा पटलं. झिपच का, तेही सांगतो. मोडेम व्ही.४२बिस पद्धतीने जाता-जाता माहिती दाबून पाठवतो. साधा मजकूर किंवा वेबपानाचा एचटीएमएल त्यात इतका दबतो की वेग फुगून दिसतो. झिप किंवा जेपेग आधीच दाबलेले असतात, त्यामुळे तारेचा खरा वेग तिथेच कळतो. मोडेमची तुलना करणाऱ्या कित्येक जणांनी एकदा वर्तमानपत्राचं पान आणि एकदा गाण्याची फाइल उतरवून निष्कर्ष काढलेले मी पाहिले आहेत.

एक लाख पंधरा हजाराचा भ्रम गेला, पण ४५,३३३ आणि काकांचे २६,४०० यांत फरक होताच, आणि तो लहान नव्हता.

आकड्यांतच मेख होती

काकांचे आकडे मी मोडेमच्या लॉगमधून, म्हणजे जोडण्यांच्या नोंदीतून काढले. बहुतेक वेळा २६,४००, कधी २४,०००, एखाद्या वेळी २८,८००. हे सगळे २,४०० च्या पाढ्यातले आहेत. सरांचा ४५,३३३ त्या पाढ्यात बसत नाही.

ही ओळख फार उपयोगाची आहे. व्ही.३४ हे जुनं मानक २,४०० च्या टप्प्यांनी चढतं: २४,०००, २६,४००, २८,८००, ३१,२००, आणि शेवटी ३३,६००. १९९८ मध्ये आलेलं व्ही.९० हे ५६ के चं मानक १,३३३ आणि एक तृतीयांश अशा टप्प्यांनी चढतं: ४०,०००, ४१,३३३, ४२,६६७, ४४,०००, ४५,३३३. त्याआधी एक्स२ आणि के५६फ्लेक्स असे दोन एकमेकांशी न जुळणारे प्रकार बाजारात होते, व्ही.९० ने तो वाद मिटवला. तर काकांचा मोडेम दर वेळी व्ही.९० ने बोलायचा प्रयत्न करत होता, ते जमलं नाही की व्ही.३४ वर उतरत होता. डबीवर ५६ के लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो ५६ के ची जोडणी एकदाही करत नव्हता.

व्ही.९० का जमत नाही, याची कारणं मोजकीच आहेत. डिजिटल एक्स्चेंजमध्ये आपल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटचा, म्हणजे ६४,००० बिट. इंटरनेट कंपनीची बाजू एक्स्चेंजला थेट डिजिटल लाइनने जोडलेली असते. त्यामुळे कंपनीकडून निघालेली माहिती आपल्या एक्स्चेंजपर्यंत डिजिटलच येते आणि फक्त शेवटच्या तांब्याच्या तारेवर ॲनालॉग होते. व्ही.९० या एकाच रूपांतराचा फायदा घेतं. आठपैकी सात बिट भरवशाचे मानले तर ५६,०००, हे त्या आकड्याचं मूळ. मधे कुठे दुसऱ्यांदा ॲनालॉग-डिजिटल रूपांतर झालं, मग ते ऑफिसच्या इंटरकॉम बोर्डामुळे असो की एकाच तारेवर दोन फोन चालवणाऱ्या यंत्रामुळे, की व्ही.९० संपलं. किंवा शेवटच्या तारेवर इतकी खरखर असेल की नमुन्यांच्या जवळजवळच्या पातळ्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत, तरीही संपलं.

सरांच्या लाइनवर ४५,३३३ मिळत होते, म्हणजे आमचं एक्स्चेंज आणि तिथून इंटरनेट कंपनीपर्यंतची वाट ठीक होती. सर आणि काका एकाच गल्लीत, चार घरांच्या अंतरावर. एक्स्चेंजपासूनचं अंतरही जवळपास सारखं. उरले फक्त दोन संशयित: काकांचा मोडेम, नाहीतर काकांची तार.

अदलाबदल

मग सरांना विनंती करून त्यांचा एक्स्टर्नल मोडेम सकाळच्या वेळी काकांकडे आणला, आणि दुसऱ्या दिवशी काकांचं मशीनच उचलून सरांच्या क्लासमध्ये नेऊन त्यांच्या फोनला लावलं. इंटरनेट कंपनीचा नंबर तोच, वेळ सकाळचीच, कारण रात्री नऊनंतर कंपनीच्या बाजूलाच गर्दी व्हायची आणि आकड्यांवर भरवसा ठेवता येत नसे. प्रत्येक जोडी अनेकदा जोडून पाहिली, वरचेवर येणारा आकडा धरला.

काकांच्या लाइनवर काकांचा इंटर्नल: २६,४००.
काकांच्या लाइनवर सरांचा एक्स्टर्नल: २८,८००.
सरांच्या लाइनवर काकांचा इंटर्नल: ४४,०००.
सरांच्या लाइनवर सरांचा एक्स्टर्नल: ४५,३३३.

एक एमबीची झिप काकांच्या लाइनवर इंटर्नलने जवळजवळ सहा मिनिटांत उतरली, सरांच्या लाइनवर त्याच इंटर्नलने साडेतीन मिनिटांच्या आतच.

लाइन बदलली की सतरा हजारांचा फरक. मोडेम बदलला की एक पायरी, वर किंवा खाली. एक्स्टर्नल दोन्ही ठिकाणी एका पायरीने पुढे राहिला हे खरं आहे. त्याचा ॲनालॉग भाग, म्हणजे तारेवरचा बारीक आवाज टिपणारा भाग, कॉम्प्युटरच्या डब्याबाहेर स्वतःच्या वीजपुरवठ्यावर असतो, शिवाय त्या मोडेमचा प्रतिध्वनी काढून टाकायचा हिशेबही जरा सरस असावा. पण एका पायरीसाठी तिप्पट पैसे मोजायला मी कुणालाच सांगितलं नसतं.

काकांना मी आकडे कागदावर लिहून दाखवले. ते गप्प बसून वाचत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मोडेम राहू दे, आधी तार बघ."

तार

तपासायची सुरुवात अगदी साधी असते आणि तिला कुठलंच यंत्र लागत नाही. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायलटोन बंद होतो, आणि शांत खोलीत ऐका. चांगल्या लाइनवर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. काकांच्या लाइनवर एक सलग गुणगुण होती आणि तिच्यावर अधूनमधून कडकड.

गुणगुण घरातलीच निघाली. रस्त्याकडच्या खोलीतल्या रोझेटपासून (टेलिफोनची तार भिंतीवर येते ती डबी) मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत टेलिफोनची चपटी, बिनपिळाची वायर नेलेली होती, आणि ती विजेच्या वायरीसोबत एकाच केसिंग पट्टीतून. दोन ट्यूबलाइटच्या चोकजवळून जाणारी. वाटेत वरच्या मजल्यावरच्या पॅरलल फोनचा फाटा, आणि तो जोड नुसता पीळ मारून त्यावर चिकटपट्टी. फाट्याच्या तारेच्या टोकाला काही नसलं तरी ती तार मोडेमच्या आवाजाचा वरच्या पट्टीतला भाग खाते. बोलताना हे लक्षात येत नाही, कारण बोलणं तेवढ्यावर भागतं.

सगळे फाटे काढून मोडेम थेट रोझेटला लावला. आकडा ३१,२००. सुधारणा मोठी, पण अजून २,४०० च्याच पाढ्यात.

कडकड बाहेरची होती. टेलिफोन खात्यात तक्रार नोंदवली तर "फोन चालू आहे" एवढं उत्तर येऊन तक्रार बंद व्हायची. खात्याच्या हिशेबाने डायलटोन आली, घंटी वाजली, बोलणं ऐकू आलं म्हणजे लाइन चांगली. मग त्या भागाच्या लाइनमनला काकांनी चहाला बोलावलं आणि त्याला रिसीव्हर कानाला लावायला दिला. त्याने ऐकलं मात्र, आणि लगेच शिडी घेऊन खांबावर चढला. डीपीच्या, म्हणजे घरोघरच्या तारा वाटून देणाऱ्या डब्यात काकांच्या जोडीचे स्क्रू हिरवे पडले होते, आणि खांबापासून घरापर्यंतच्या ड्रॉप वायरला मधे एक जोड होता, तोही पावसाने खाल्लेला. त्याने टोकं घासून पुन्हा आवळली आणि ड्रॉप वायर अखंड नवी टाकून दिली. खांबापासून एक्स्चेंजपर्यंत साधी तांब्याची जोडीच आहे, मधे कुठलं यंत्र नाही, हेही त्याच्याकडूनच कळलं. गावातल्या टेलिफोनचं खरं ज्ञान त्या काळी या लोकांकडे होतं, आणि त्यांना कुणी नीट विचारतही नव्हतं.

घरात मी पीळ असलेली नवी जोडी विजेच्या वायरीपासून लांब, भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेली. वरचा पॅरलल फोन काकांनी काढून टाकू दिला. काकांचा इंटर्नल मोडेम, तोच जुना, ४१,३३३ ला जोडला. कधी ४२,६६७.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण काकांचं काम उतरवायचं नव्हतं, पाठवायचं होतं.

पाठवण्याची बाजू

व्ही.९० मध्ये ५६ के फक्त उतरवण्याच्या दिशेला आहे. आपल्याकडून जाणारी माहिती ॲनालॉगच निघते, म्हणून पाठवण्याचा वेग जास्तीत जास्त ३३,६००. जोडणीच्या वेळी पडद्यावर दिसतो तो उतरवण्याचा आकडा असतो, पाठवण्याचा कुणी बघतच नाही. हायपरटर्मिनल (मोडेमला थेट आज्ञा देण्याचा विंडोजमधला प्रोग्राम) उघडून, लाइन तोडल्यावर 'एटी&व्ही१' दिलं की काही मोडेम मागच्या जोडणीचा पूर्ण हिशेब देतात: पाठवण्याचा शेवटचा वेग, उतरवण्याचा शेवटचा वेग, मधे वेग किती पडला, लाइन कुणी तोडली. काकांच्या मोडेमवर ते चाललं. तार दुरुस्त होण्याआधी पाठवण्याचा वेग २१,६०० ते २४,००० होता, नंतर ३१,२००.

आता दोन एमबीची जाहिरात ई-मेलने पाठवायची म्हणजे काय होतं ते पाहू. ई-मेलला जोडलेली फाइल बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदलून जाते, त्यात ती एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. दोनाची पावणेतीन एमबी. २४,००० वर, म्हणजे सेकंदाला ३,००० बाइट धरले तर सोळा मिनिटं. ३१,२०० वर बारा मिनिटं. मोडेमची दाबण्याची पद्धत या फुगवट्यातला काही भाग परत मिळवते, तरी बारा मिनिटांच्या फार खाली जात नाही. इंटर्नल असो वा एक्स्टर्नल, या गणितात काही बदलत नाही.

बदलतं ते दुसरीकडे. ई-मेल पाठवताना लाइन कट झाली की उरलेला भाग पुढे पाठवता येत नाही, सगळं पहिल्यापासून. अकराव्या मिनिटाला लाइन तुटली तर तेवढी अकरा मिनिटं आणि त्यांचं टेलिफोनचं मीटर वाया. काकांना जे "स्लो" वाटत होतं त्यातला मोठा वाटा असल्या वाया गेलेल्या प्रयत्नांचा होता. तार दुरुस्त झाल्यावर तुटणं पुष्कळ कमी झालं, थांबलं मात्र नाही. आणि ते कधी होतं ते कोरल या डिझाइनच्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या काकांच्या मुलीच्या लक्षात आलं: "मी कोरलमध्ये फाइल एक्स्पोर्ट करते तेव्हाच जातं."

कार्डावर काय नव्हतं

इथे मोडेमचा खरा प्रश्न आला, आणि तो आत की बाहेर असा नव्हता.

काकांच्या मशीनमधलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं तर त्यावर मोजून काही भाग: मधोमध एक चिप, तिच्या शेजारी क्रिस्टल, टेलिफोनच्या जॅककडे रिले आणि थोडे सुटे भाग. कार्डाचा अर्ध्याहून अधिक हिरवा भाग रिकामा. सरांच्या काळ्या डबीत मात्र चिपांची दाटी होती: सिग्नलचं गणित करणारी वेगळी, आज्ञा समजून घेणारी आणि चुका दुरुस्त करणारी वेगळी, त्यांचा प्रोग्राम साठवणारी रॉम वेगळी.

काकांच्या कार्डावर जे नव्हतं ते सगळं विंडोजमधला ड्रायव्हर करत होता, म्हणजे मशीनचा ४३३ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन. अशा कार्डाला बाजारात सॉफ्टमोडेम किंवा विनमोडेम म्हणायचे. तारेवरचा आवाज दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसरकडे येतो आणि त्याने तो ताबडतोब सोडवायचा असतो. मशीन रिकामं असेल तर हे बिनबोभाट चालतं, म्हणूनच सरांच्या लाइनवर ४४,००० मिळाले. पण ६४ एमबी रॅममध्ये कोरल मोठी फाइल एक्स्पोर्ट करायला लागलं की विंडोज हार्ड डिस्कवर सतत उतरवाचढव करतं, आणि तेवढ्यात प्रोसेसर मोडेमकडे वेळेवर पोचला नाही तर सिग्नलचा माग सुटतो. मग दोन्ही बाजूंचे मोडेम पुन्हा जुळवून घ्यायला लागतात, वेग पडतो, आणि जमलंच नाही तर लाइन सुटते.

एक उपाय फुकट होता. विंडोज ९८ मध्ये बऱ्याच मशीनवर हार्ड डिस्कची 'डीएमए' ची खूण आपोआप झालेली नसायची. ती नसली की डिस्कवरचा प्रत्येक तुकडा प्रोसेसर स्वतः उचलून ठेवतो आणि तेवढा वेळ बाकी सगळ्यांना थांबवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंगमध्ये ही खूण केली. तुटणं निम्म्याहून कमी झालं. सॉफ्टमोडेमला शिव्या देणाऱ्या किती जणांच्या मशीनवर ती खूण नव्हती, कुणास ठाऊक.

तरी मोठ्या एक्स्पोर्टला लाइन अधूनमधून जायचीच. सरांचा एक्स्टर्नल पुन्हा एकदा मागून आणला आणि मुद्दाम कोरल, पेजमेकर आणि प्रिंटिंग एकदम चालू ठेवून तीच फाइल पाठवली. मशीन रडतखडत चाललं, माउस अडकायचा, पण मोडेमचा 'सीडी' (कॅरिअर डिटेक्ट, म्हणजे लाइन जोडलेली असल्याचा) दिवा विझला नाही आणि फाइल गेली.

मी काकांना तेव्हा सांगितलं की आता एक्स्टर्नल घ्या. वेगासाठी नको. ज्या मशीनवर दिवसभर जड काम चालतं त्याच मशीनवरून फाइल जाणार असेल तर मोडेमने स्वतःचं काम स्वतः करायला हवं, एवढ्यासाठी. याच कारणाने पूर्ण हार्डवेअरचा इंटर्नलही चालला असता; मदरबोर्डवरच्या आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटची जंपरवाली मोठी कार्डं तशीच असायची. पण काकांच्या मशीनमध्ये आयएसए स्लॉट नव्हता, आणि पीसीआय या नव्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये गावात मिळत होती ती सगळी सॉफ्टमोडेम कार्डंच. बाहेरच्यांतही सरसकट भरवसा नको: यूएसबीचे काही एक्स्टर्नल मोडेम आतून सॉफ्टमोडेमच असतात, डबी बाहेर आहे एवढंच. सीरियल पोर्टचा मोडेम मात्र आपल्याला आपलं काम स्वतःच करणारा मिळतो, कारण त्या पोर्टवरून कच्चा आवाज प्रोसेसरकडे पाठवायची सोयच नाही.

घेण्याआधी काकांच्या मशीनच्या सीरियल पोर्टची चिप तपासली. १६५५० होती, १६ बाइटच्या बफरची. जुन्या ४८६ मशीन्समध्ये अनेकदा ८२५० किंवा १६४५० असायची, एकच बाइट धरणारी. तिथे वेगवान एक्स्टर्नल मोडेम लावला तर विंडोज वेळेवर बाइट उचलत नाही, बाइट गळतात, पुन्हा मागवावे लागतात, आणि तोच महाग मोडेम स्वतःची १६५५० घेऊन येणाऱ्या इंटर्नल कार्डापेक्षा हळू चालतो. म्हणजे मशीन जुनं असेल तर उत्तर उलटं.

विजेचाही विचार होता. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस कडकडाटासह येतो आणि टेलिफोनच्या उघड्या तारांवरून दणका घरात शिरतो. इंटर्नल कार्ड जळताना मदरबोर्डही घेऊन गेल्याची मशीन्स माझ्याकडे दुरुस्तीला यायची. एक्स्टर्नलमध्येही पोर्ट जाऊ शकतो, पण नुकसान बहुधा डबीपाशी थांबतं. खरा उपाय एकच, आभाळ भरून आलं की टेलिफोनची पिन काढून ठेवायची. ती पिन एक्स्टर्नलला समोर असते, इंटर्नलला टेबलाखाली मशीनच्या पाठीमागे. हात समोरच्या पिनेकडे लवकर जातो.

शेवटची मांडणी

काकांनी एक्स्टर्नल घेतला. नव्या तारेवर तो ४२,६६७ ला जोडायचा, म्हणजे आतल्यापेक्षा एक पायरी वर, सरांच्या लाइनवर होता तसाच. सेटिंगमध्ये दोन गोष्टी घातल्या. 'एक्स३', म्हणजे आमच्या एक्स्चेंजची डायलटोन न ओळखल्यामुळे "नो डायलटोन" म्हणून मोडेम अडून बसणार नाही. आणि 'एस१०=५०', म्हणजे वाहक सिग्नल पाच सेकंदांपर्यंत हरवला तरी लाइन सोडायची नाही; एरवी मोडेम दीड-एक सेकंदात सोडतात, आणि तारेवरची एखादी कडकड तेवढी असतेच.

भर पावसाळ्यात खांबावरच्या डब्यात ओल आली की व्ही.९० पुन्हा डळमळायचं. जोडणी ४०,००० ला व्हायची, मग घसरायची, पुन्हा जुळवाजुळव, त्यात वेळ जायचा. अशा दिवसांसाठी दुसरं डायलअप आयकॉन करून दिलं, त्यात 'एटी+एमएस=व्ही३४' घालून व्ही.९० बंदच केलं. कागदावर वेग कमी, ३१,२००, पण एकदा जोडला की हलत नसे, आणि पाठवण्याच्या दिशेला तसंही काही गमावत नव्हतं. काकांनी ते आयकॉन 'पाऊस' या नावाने ठेवलं. छापखान्याने एफटीपीची जागा, म्हणजे ई-मेलशिवाय फाइल थेट सर्व्हरवर ठेवायची सोय दिल्यावर बेस६४ चा फुगवटाही गेला, आणि तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे पाठवता यायला लागली.

काढलेलं इंटर्नल कार्ड वरच्या मजल्यावर, काकांच्या मुलीच्या घरच्या मशीनमध्ये बसवलं. टेलिफोन तोच, तार पीळ असलेली, खालून स्विच टाकून वर नेलेली, म्हणजे एका वेळी एकच फाटा जोडलेला. त्या मशीनवर कोरल नव्हतं. ई-मेल, थोडं वाचन, परदेशातल्या मामेभावाशी गप्पा. तिथे ते कार्ड ४१,३३३ ला जोडायचं आणि तिने त्याबद्दल माझ्याकडे कधी तक्रार केली नाही.